मामा म्हणजे आई

आमच्या घराण्यात परदेशगमनाची परंपरा फारशी नाही. आमचे आजोबा एका लग्नासाठी औशाहून बार्शीला गेले होते. त्या काळी औसा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या, म्हणजे कायद्याने तो परदेश प्रवासच. तिथून त्यांनी एक अडकित्ता आणला आणि पुढची तीस वर्षं 'इंग्रजी मुलखातला अडकित्ता' म्हणून तो पाहुण्यांना दाखवला. त्यानंतर आमच्यापैकी कुणी सीमा ओलांडली नाही. अस्मादिक तर नांदेडला बँकेत कारकून, आणि बहीण औशाला दिली असल्यामुळे नांदेड-लातूर-औसा हाच आमचा आंतरराष्ट्रीय मार्ग.

ही परंपरा आमच्या भाच्याने मोडली. तो आफ्रिकेत गेला. केनियात, मोंबासा नावाच्या बंदरात, पाइप विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात हिशेबनीस म्हणून. माझ्याच सल्ल्याने त्याने बी.कॉम. केलं होतं, त्यामुळे अक्काच्या मते या प्रकरणाचा मूळ आरोपी मीच. करार तीन वर्षांचा होता. दर रविवारी रात्री आठला त्याचा फोन येतो. आपल्याकडे आठ वाजले की तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजलेले असतात आणि तिथल्या माणसांच्या तोंडी साडेअकरा. हा काय घोटाळा आहे ते पुढे सांगतो. माझाही सहा महिने त्याच्यामुळे ताळा जमत नव्हता.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. पोरगं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठमोठ्याने बोलायचं, "हां मामा, जेवलो मामा, पैसे पाठवले मामा!" आठ-पंधरा दिवसांत त्या गल्लीत त्याची कीर्ती पसरली. म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. घरमालकीण भाड्याला आठ दिवस थांबायला तयार झाली. याला काही कळेना. शेवटी गोदामातल्या एकाने उलगडा केला. स्वाहिली भाषेत 'मामा' म्हणजे आई! आईला रोज फोन करणारा, तिला पैसे पाठवणारा असा गुणी मुलगा त्या गल्लीने पाहिला नव्हता म्हणे. एवढंच, की आईचा आवाज जरा घोगरा आहे, तिची तब्येत बरी असते ना, असं एकीने काळजीने विचारलं होतं.

नात्यांचा घोळ इथेच संपत नाही. तिथे 'काका' म्हणजे भाऊ. 'बाबू' म्हणजे आजोबा. आणि 'दादा' म्हणजे बहीण! गोदामातल्या धिप्पाड हमालाला याने आपल्या रिवाजाप्रमाणे आदराने "दादा, जरा ते बंडल उचला" म्हटलं. त्या माणसाने बंडल उचललं, पण पुढे आठवडाभर सगळं गोदाम त्याला ताई म्हणत होतं. हे कळल्यावर मला युगांडाच्या इदी अमीन दादाची आठवण झाली. १९७२ साली त्याने नव्वद दिवसांची मुदत देऊन हजारो आशियाई माणसांना देशाबाहेर काढलं. अक्काने ती गोष्ट कुठून तरी ऐकून ठेवली होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. मी म्हणालो, "अक्का, ते युगांडा, हे केनिया. त्याला आता पन्नासावर वर्षं झाली. आणि तुझ्या लेकाच्या भाषेत सांगायचं तर तो इदी अमीन ताई होता." अक्का हसली नाही. माझ्या विनोदाला घरात पहिल्यापासूनच उठाव नाही.

आता तो घड्याळाचा घोळ. स्वाहिली बोलणारा माणूस तास मोजतो ते सूर्य उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताजवळचा मुलूख, सूर्य बारा महिने जवळजवळ एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हिशेब चुकत नाही. गोदामातल्या मुकादमाने याला पुतणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, "सा नाने", म्हणजे आठ वाजता. हा इस्त्री करून रात्री आठला हजर. तिथे भांडी घासणं चाललं होतं. त्यांचे आठ दुपारी दोनलाच वाजून गेले होते. पण त्यात हसण्यासारखं आपल्याला काय आहे? आपले पणजोबा दिवस घटिकांनीच मोजायचे, आणि तेही सूर्योदयापासूनच. पंचांगात अजून तेच चालतं. साहेबाचं घड्याळ आलं आणि आपण मध्यरात्री, सगळे झोपेत असताना, दिवस सुरू करू लागलो. दिवसाची शिल्लक उजेडात मोजायला घ्यावी हे कोणताही कॅशियर सांगेल.

आजारपणात आणखी एक गंमत झाली. याला ताप आला. बघायला येणारा प्रत्येक जण दारातून "पोले, पोले" म्हणायचा. हा डोळे मिटूनच म्हणायचा, "नको, पोळी नको, भूक नाही." 'पोले' म्हणजे 'वाईट वाटलं बुवा'. ठेच लागली तरी पोले, बस चुकली तरी पोले. पोळीला मात्र ते चपातीच म्हणतात आणि ती त्यांच्याकडे सणासुदीचं पक्वान्न आहे. नाताळाला चपाती. रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली. त्याचा घास बोटांनी वळायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्यात पालेभाजी घ्यायची. त्या भाजीचं नाव 'सुकुमा विकी'. अर्थ, आठवडा ढकला! पगार पुरेनासा झाला की हीच भाजी. जगातल्या कुठल्याही बँकेने महागाई भत्त्याची इतकी अचूक व्याख्या केलेली नाही. आणि याने घरच्या आठवणीने एका मंगळवारी सहा चपात्या लाटल्या (लाटल्या म्हणजे काय, त्याची चपाती लहानपणापासून आफ्रिकेच्या नकाशासारखीच व्हायची) तर शेजारीण विचारायला आली, "आज कुणाचं लग्न?"

तिथल्या शब्दांनी मात्र मला घरच्यासारखं केलं. हिशेबाला 'हेसाबू', खजिन्याला 'हझिना', सरकारला 'सेरिकाली', वकिलाला 'वाकिली', विम्याला 'बिमा', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी'. बरेचसे शब्द अरबी-फारसीच्या पेठेतून तिकडे गेले, काही आपल्या व्यापाऱ्यांबरोबर गलबतांतून गेले. कारकुनाला म्हणतात 'कारानी'. "मामा, तुम्ही इथं कारानी!" भाचा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हुद्द्यात काहीतरी राजेशाही आहे असं वाटलं. बरं, पूर्व आफ्रिकेच्या ब्रिटिश मुलखात १९२० सालापर्यंत चलन कोणतं होतं? आपला रुपया. ही माहिती मी शाखेत सांगितली तेव्हा रोखपालाने विचारलं, "मग तिथल्या फाटक्या नोटा बदलून देणं आपल्यावर येतं का?" सरकारी नोकरीत माणसाची कल्पनाशक्ती अशी एका खिडकीपुरती उरते.

म्हाताऱ्या माणसाला तिथे 'शिकामू' म्हणून नमस्कार करतात. मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. त्यावर मोठ्यांनी म्हणायचं, 'मराहाबा'. नांदेडचा मुशायरा ज्याने ऐकलाय त्याला 'मरहबा' काय नवीन? आम्ही मराठवाड्याचे लोक १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे रयत होतो. बाकी काही मिळालं नसेल, पण मोंबासात वाट चुकणार नाही एवढा शब्दसंग्रह मिळाला.

असा सगळा आनंद चालला असताना तीन वर्षं संपत आली आणि कंपनीने भाच्याला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं. तो 'थांबू का?' असं विचारत नव्हता. 'थांबावं म्हणतो' असं म्हणत होता. या दोन वाक्यांतला फरक आईला कळतो. अक्काने मला बोलावून घेतलं. साडेतीन तासांची लातूरची एसटी, तिथून पुढे औसा.

"तू सांग त्याला," अक्का म्हणाली. "दाजींचं तो ऐकत नाही, माझं ऐकून घेतो आणि हो म्हणतो. तूच धाडलंस, तूच आण. आपल्या गावचं कुणी गेलंय का कधी त्या मुलखात? की तिकडचं कुणी आलंय इकडं?"

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. औंधच्या राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत १९४८ साली भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि १९५४ पर्यंत तिथे होते. आफ्रिकन लोकांशी त्यांचं इतकं सूत जमलं की तिथल्या गोऱ्या सरकारला ते खुपू लागलं. पण अक्का म्हणाली, "औंध वेगळं, औसा वेगळं." बरोबर होतं.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अडखळलो. कारण मी तेव्हा ज्या अंगणात बसलो होतो तिथून औशाचा किल्ला हाकेच्या अंतरावर होता. तिकडचं कुणी आलंय का म्हणजे? त्या किल्ल्यात नांदून गेलाय! शाळेत आम्ही मलिक अंबर पाच मार्कांसाठी पाठ केला होता. तो नोकरीनिमित्त परदेशी आलेला मुलगा होता, हे काही कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे नोकरी हा शब्द सौम्य झाला. इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मलेलं हे पोर. मूळ नाव चापू असं इतिहासकार सांगतात. गुलाम म्हणून ते तांबड्या समुद्रापलीकडे मोखाच्या बाजारात विकलं गेलं, आणि एका डच व्यापाऱ्याने त्या सौद्याची रक्कमही पुढे टिपून ठेवली आहे. तिथून बगदाद. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य. गुलामांना नावं द्यायची ती अशी, याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन. माल कोणता आणि नाव कोणतं हे वहीत वेगळं लिहायची गरजच पडू नये. बँकेत खातं उघडायला आला असता तर आमच्या साहेबांनी त्याला तीन खेटे घालायला लावले असते. नावबदलाचं राजपत्र नाही, कायमचा पत्ता नाही, आईचं नाव विचारलं तर रकाना कोरा.

१५७० नंतर कधीतरी हा मुलगा दख्खनमध्ये अहमदनगरला पोचला, आणि सांस्कृतिक धक्के म्हणाल तर भाच्याचे धक्के त्यापुढे किरकोळ. ज्याने त्याला विकत घेतलं तो निजामशाहीचा पेशवा. नाव चंगीजखान. मंगोल नावाचा हा पेशवा स्वतः हबशी, एकेकाळचा गुलाम, आणि आता हजारभर हबशी गुलामांचा धनी. ज्या सुलतानाचा तो पेशवा, त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष फिरिश्ताने लिहिल्याप्रमाणे आपल्या पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा. दरबारात फारसी, गावच्या दप्तरात मराठी. आता सांगा, नवीन आलेल्या माणसाने कुणाला दादा म्हणायचं आणि कुणाला मामा?

चंगीजखान लवकरच मेला, त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. पुढची वीसेक वर्षं त्याने विजापूरच्या चाकरीत काढली. 'मलिक' ही पदवी तिथली. मग १५९५ च्या सुमाराला मान आणि मदत पुरेशी मिळत नाही म्हणून दीडशे स्वार घेऊन तो बाहेर पडला. म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी याने नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला. मी त्याच वयाचा आहे आणि मला बदलीचा अर्ज करायलाही धीर होत नाही. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा निजामशाही बुडाली असं सगळे समजले. अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधला, परांड्याला त्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. कारकून मालकाचा सासरा झाला. (पुढे सासऱ्या-जावयाचं जे झालं ते विनोदी लेखात लिहिण्यासारखं नाही.)

आणि १६०२ साली हा माणूस आमच्या नांदेडला लढला. समोर मोगलांचा तरुण सरदार मिर्झा इरज, म्हणजे ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केले त्या रहीमचा, अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा. अंबर हरला. जबर जखमी होऊन पडला, पकडला जायचा, पण त्याच्या हबशी आणि दख्खनी साथीदारांनी त्याला उचलून नेलं. ते नेमकं शिवार कोणतं, ते मला कुणी दाखवू शकलं नाही. नांदेडमध्ये मी वीस वर्षं भाजी आणतोय, त्यातल्या कुठल्या तरी वाटेने त्याला नेलं असेल. चोपन्न वर्षांचा माणूस, परमुलखात रक्तबंबाळ. 'पोले, पोले' म्हणायला त्याच्या भाषेतला एखादा जवळ होता, एवढंच.

तो बरा झाला. एवढंच नाही, खानखानानने त्याच्याशी तह केला. पुढची चोवीस वर्षं त्याने मोगलांना दख्खनमध्ये सुखाने झोपू दिलं नाही. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याचं नाव शिव्यांशिवाय घेत नाही. १६१६ च्या सुमाराला तर बादशहाने अबुल हसनकडून चित्र काढून घेतलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यात बाण मारतो आहे. चित्र आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं जिवंत होता आणि १६२६ साली अंथरुणावर मेला. खातं चालू असताना कागदोपत्री बंद करायचा प्रकार आमच्याकडेही होतो, पण त्याचं चित्र काढून कुणी भिंतीवर लावत नाही.

लढाईपेक्षा मला, वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून, त्याचं दुसरं काम मोठं वाटतं. त्याने महसुलाची मक्तेदारी बंद केली. त्याआधी मक्ता घेणारा सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि कुणब्याकडून वाटेल ते वसूल करायचा. अंबरने जमीन पाहून, पीक पाहून सारा ठरवला. विकत घेतलेल्या माणसाला वसुली म्हणजे काय असते हे दुसऱ्या बाजूने ठाऊक असणार, असं मला वाटतं. दप्तरात तसं लिहिलेलं नाही.

औशाचा किल्ला त्याच्या ताब्यात आला तेव्हा गावाचं नाव झालं अंबरपूर. पुढे त्याचं झालं अमरापूर. मला यात एका लेखनिकाचा हात दिसतो. एक 'ब' गाळला आणि इथिओपियाचा माणूस नावातून निघून गेला. शेवटी औसा ते औसाच राहिलं. त्याने १६१० साली वसवलेल्या खडकीची तर चार बारशी झाली, खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. स्वतःचंच नाव ज्याला ठेवता आलं नाही, त्याच्या गावांचं आणखी काय होणार?

तो काही एकटा नव्हता. १६३६ साली मोगलांनी उदगीरला वेढा घातला तेव्हा किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह. अरबीत मिफ्ताह म्हणजे किल्ली. किल्ल्यावर किल्ली ठेवली, आणि शेवटी किल्लीनेच किल्ला उघडून दिला! हैदराबादला दाजींना डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हा आम्ही 'ए. सी. गार्ड्स' या भागात उतरलो. दाजी मे महिन्याच्या उन्हात तिथे गारवा शोधत फिरले. ते ए. सी. म्हणजे 'आफ्रिकन कॅव्हलरी', निजामाच्या हबशी घोडदळाची वस्ती, हे मला नंतर कळलं.

त्या रविवारी औशाहूनच फोन लागला. मी सगळा मलिक अंबर भाच्याला ऐकवला. माझा हेतू दुहेरी होता, त्याला इतिहास कळावा आणि परमुलखात माणूस किती अडकत जातो हेही कळावं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, त्याच्या आईला कळलं का हो पुढं, पोरगं कुठंय ते?"

मी म्हणालो, "कसं कळणार? त्या काळात?"

"मग मी तर रोज फोन करतो की," तो म्हणाला.

मला पुढे बोलता येईना. एवढ्यात तिकडे कुणाचा तरी आवाज आला. घरमालकीण होती. 'मामा'शी बोलायचंय म्हणत होती. मी घसा साफ करून, तीन वर्षं जपून ठेवलेला शब्द काढला, "शिकामू!" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हातारी खदखदून हसली आणि म्हणाली, "मराहाबा!" आणि पुढे बरंच काही. भाचा म्हणाला, "ती म्हणते, हे मामा नाहीत, खऱ्या मामाला द्या."

मी फोन अक्काला दिला. अक्काला मराठीखेरीज फक्त निजामाच्या वेळचं चार शब्द उर्दू येतं. ती पहिल्यांदा ओरडूनच म्हणाली, "जेवायलंय का ओ नीट लेकरू?" तिकडून स्वाहिली सुरू झालं. इकडून औशाची मराठी. भाच्याला मध्ये बोलायला कुणी जागा देत नव्हतं. दाजी बाहेर येऊन उभे राहिले. बारा मिनिटं झाली. मधूनच अक्का "हां, हां, तेच की" म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची, मधूनच हसायची.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय कळलं तुला?"

"सगळं कळलं," अक्का म्हणाली. "तिचा पण धाकटा दूर आहे कुठंतरी कामाला. आणि आपलं पोरगं वाळलंय."

मग ती आत गेली, डब्यांचा आवाज आला, आणि आतूनच तिने विचारलं, "ओ दाजी, ऐकलं का," (दाजींना तीही दाजीच म्हणते, आमच्या घरात नात्यांचं असंच आहे) "विमानानं किती किलो जातंय? येसर करायचाय. दोन वर्षं पुरला पाहिजे. आणि वेगळा एक डबा त्या बाईला."